पिंगला पडलेले ८० टक्के

प्रश्न : मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ५८ टक्के. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. चुलतभावाचा मुलगा हिंजवडीत नेटवर्किंगमध्ये लागला, म्हणून ह्यालाही त्याच लाइनला घालायचं ठरवलं. पुण्यातल्या एका क्लासची फी ८५ हजार, त्यातले २० हजार ॲडव्हान्स दिले. ४५ दिवसांत 'सीसीएनए राउटिंग अँड स्विचिंग' ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्राथमिक परीक्षा आणि लगेच पुढची सीसीएनपी, वर नोकरीची हमी. परीक्षेची तारीखही पुढच्या महिन्यातली काढून ठेवली, म्हणजे तरी अभ्यासाला बसेल. ओळखीच्या एकाने ९०० प्रश्नांची पीडीएफ दिली आहे, तेवढी पाठ केली की पास म्हणतात. पण हा पाठ करत नाही. एकाच गोष्टीवर तीन रात्री जागला आणि शेवटी स्क्रीनवर बघतो तर ८० टक्के. तेही घरच्या सरावात! त्याला चार शब्द सांगा. (सोबत मुलाने एक पान जोडलं आहे.)

उत्तर : चार शब्द सांगतो, पण ते तुम्हाला. मुलाला काय सांगायचं ते शेवटी बघू.

आधी ते ८० टक्के. ते मार्क नव्हेत. राउटर म्हणजे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारं यंत्र. त्यावरून दुसऱ्या यंत्राला हाक मारून बघतात, तिला पिंग म्हणतात. राउटर एका दमात पाच हाका मारतो. चारांना ओ आली तर खाली 'सक्सेस रेट ८० पर्सेंट' असं उमटतं. त्याआधीच्या दोन रात्री तिथं शून्य येत होतं. म्हणजे तुम्ही पाहिलंत तो तुमच्या मुलाच्या यशाचा क्षण होता, आणि बहुधा त्याच क्षणी त्याला बोलणी बसली.

तीन रात्री तो काय करत होता, हे त्याने पानावर नीट लिहिलंय. एक स्विच, म्हणजे एका जागचे कॉम्प्युटर तारांनी जोडणारी पेटी, एक राउटर, दोन व्हीलॅन. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेल्या स्वतंत्र वाटण्या. १० नंबरमधला कॉम्प्युटर २० नंबरमधल्याशी बोलू शकत नाही, बोलायचं तर राउटरमार्फतच. ह्याने राउटरवर दोन सबइंटरफेस केले, म्हणजे एकाच पोर्टचे दोन उपभाग. त्यांना डॉट-वन-क्यू एनकॅप्सुलेशन दिलं, म्हणजे माल कुठल्या व्हीलॅनचा हे सांगणारा टॅग. आयपी म्हणजे पत्ते दिले, कॉम्प्युटरना गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, दिलं. सगळे दिवे हिरवे. तरी पिंग जात नाही. तिसऱ्या रात्री सापडलं, की स्विचचा राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रंक, म्हणजे एकाच तारेतून अनेक व्हीलॅनचा माल नेणारा, करायचा राहिला होता, तो ॲक्सेसच होता. ॲक्सेस पोर्ट फक्त एकाच व्हीलॅनची फ्रेम, म्हणजे माहितीचं पुडकं, सोडतो आणि तीही टॅग न लावता. पलीकडे राउटरचा सबइंटरफेस १० चा टॅग असलेल्या फ्रेमची वाट बघत बसलेला. तार जोडलेली, वीज चालू, म्हणून दिवा हिरवा. माल मात्र पोचत नाही.

मिरजेतल्या दवाखान्यात एका मजल्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर चालेना, किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत नवीन स्विच बसवल्यावर अर्धं ऑफिस बंद पडलं, की ज्याला बोलावतात त्याला हेच शोधायचं असतं. पगार ह्या शोधण्याचा मिळतो. तेव्हा 'अभ्यासाला बसत नाही' हे तुमचं म्हणणं तुमच्याच पत्रातल्या तीन रात्री खोटं पाडतात. क्लास सुरू झाला नव्हता, कुणी उठवत नव्हतं, तरी तो बसला. वीस-एकवीस वर्षांचं पोर आपणहून असं बसत असेल, तर घरच्यांनी करायची गोष्ट एकच : वाटेतून बाजूला होणं.

तुम्ही केलंत ते उलटं. लाइन तुम्ही ठरवली, क्लास तुम्ही ठरवला, तारीख तुम्ही काढली आणि पाठ काय करायचं तेही तुम्हीच आणून दिलंत. ह्या सगळ्यात मुलगा कुठे आहे? पत्रात त्याच्याबद्दल तक्रारीच्या ओळी आहेत, पण 'त्याला हे आवडतं का' हा प्रश्न एकदाही नाही. योगायोगाने त्याला आवडतंय, ही तुमच्या नशिबाची गोष्ट. आणि चुलतभावाच्या मुलाचा पगार भावकीत सगळ्यांना कळला असेल, त्याच्या नाइट शिफ्ट कळल्या नसतील. ह्या लाइनीतली सुरुवात बहुतेकांची नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये पहिल्या पातळीवर होते : रात्रपाळी, अलार्म बघणं, तिकीट म्हणजे तक्रार नोंदवणं, वरच्याला कळवणं. काम वाईट नाही, शिकायला भरपूर मिळतं. पण 'लागला' ह्या एका शब्दात ते दिसत नाही.

आता त्या क्लासबद्दल. 'सीसीएनए राउटिंग अँड स्विचिंग' ह्या नावाचं प्रमाणपत्र सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० ला बंद केलं. त्या दिवसापासून त्याच्या जागी नुसतं 'सीसीएनए' आहे, परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. राउटिंग-स्विचिंग त्यातही मुख्यच आहे, पण सोबत सुरक्षा, वायरलेस आणि ऑटोमेशनही आलं. राउटिंग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे राउटरनी एकमेकांना वाटा कळवायच्या पद्धतींत, नेमून दिलेला आहे तो सिंगल एरिया ओएसपीएफ. जाहिरातीत अजून जुनं नाव छापणाऱ्याच्या नोट्स कुठल्या सालच्या असतील, ह्याचा अंदाज तुम्हीच करा. त्यांना लेखी विचारा : कुठल्या क्रमांकाची परीक्षा शिकवता, प्रत्येक मुलाला लॅबचे तास किती, आणि हमी म्हणजे नेमकं काय, नोकरी की नुसत्या मुलाखती? उत्तर गोलमाल आलं तर ॲडव्हान्स परत मागा. नाही मिळाला तर २० हजारांवर पाणी सोडा, पण पुढचे ६५ हजार देऊ नका.

एक गैरसमज मात्र नीट सोडवायला हवा, कारण तुमच्या घराबाहेरही तो पसरलाय. 'सीसीएनए नसलं तरी सीसीएनपी देता येते, मग खालच्या पायरीवर वेळ कशाला?' नियम म्हणून हे खरं आहे. २०२० पासून सीसीएनपीला सीसीएनएची अट नाही. पण अट काढल्याचा उपयोग आहे तो कामाचा अनुभव असणाऱ्यांना, त्यांना प्राथमिक परीक्षेला बसायला लागू नये म्हणून; नवख्या पोराने उडी मारावी म्हणून नव्हे. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो. ते काम चुकलं तर ऑक्टोबरला फळ छाटणी कितीही वेळेवर करा, डोळा फुटतो पण घड निघत नाही. तसंच हे. फ्रेशरच्या बायोडाटावर सीसीएनपी दिसलं की मुलाखत घेणारा खूश होत नाही, तो सरसावून बसतो. पहिलाच प्रश्न असा येतो : राउटरवर स्टॅटिक डीफॉल्ट रूट (दुसरी कुठलीच वाट जुळली नाही तर वापरायची, हाताने घातलेली वाट) आहे, त्याचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेवरचा भरवसा; आकडा लहान तेवढा भरवसा जास्त) १. ओएसपीएफकडून १०.१.१.०/२४ शिकलाय, त्याचं ११०. पॅकेट १०.१.१.५ ला जायचंय, कुठून जाईल? पाठ करून आलेला म्हणतो, 'एक लहान, म्हणून स्टॅटिकने.' चूक. राउटर आधी सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, बघतो, म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या वाटेने जातं. डिस्टन्सची तुलना होते ती एकाच प्रीफिक्सला दोन ठिकाणांहून वाट कळली तर. ह्या एका प्रश्नावर सीसीएनपीचा कागद घडी करून परत मिळतो.

त्या ९०० प्रश्नांच्या पीडीएफला बाजारात डम्प म्हणतात. ती डिलीट करा, आजच. परीक्षेला बसताना उमेदवार गोपनीयतेच्या करारावर मान्यता देतो. डम्प वापरल्याचं उघड झालं तर निकाल रद्द होतो, परीक्षेला बंदी येऊ शकते. शिवाय आता परीक्षेत कमांड देऊन सोडवायचे लॅबचे प्रश्न येतात, तिथं 'पर्याय क' पाठ असून भागत नाही. आणि बापाने मुलाला कॉपी आणून द्यावी, मुलाने नाकारावी, वर बापानेच त्याची तक्रार करावी, हे तुम्हाला वाचताना कसं वाटतं?

परीक्षेची तारीख पुढे ढकला. नेमून दिलेल्या वेळेच्या २४ तास आधीपर्यंत तसं करता येतं; बुकिंगच्या मेलमध्ये अट लिहिलेली असते, ती वाचून घ्या. नापास झाला तर पाच दिवस थांबून परत ३०० डॉलर अधिक कर भरावा लागेल, आणि गेलेला आत्मविश्वास वेगळा. शेवटचं सेमिस्टर तोंडावर आहे. मार्क ५८ आहेत आणि कॅम्पसला येणाऱ्या कित्येक कंपन्या ६० ची अट लावतात. त्या दाराशी सीसीएनए चालत नाही, डिग्रीचे दोन टक्केच चालतात. म्हणून आधी सेमिस्टर, मग सहा महिने सीसीएनए. एमसीए करायचं मनात असेल तर सीईटी आहेच, ती वेगळी वाट.

सहा महिन्यांना खर्च किती? कॉम्प्युटरवरच राउटर-स्विचचा सराव करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, फुकट मिळतं, ते त्याच्याकडे आहेच. जुने स्विच विकत आणून खोलीत पंख्याचा आवाज वाढवू नका. सराव मात्र कसा करायचा ते सांगतो, आणि इथून पुढचं मुलासाठी आहे.

तू सबनेटिंगचा, म्हणजे पत्त्यांचे वाफे पाडायचा, तक्ता पाठ करत नाहीस, बरं करतोस. रोज दहा गणितं घाल, वहीवर, महिनाभर. १९२.१६८.१०.७७/२७ घे. /२७ च्या मास्कचा शेवटचा आकडा २२४. २५६ मधून २२४ गेले, उरले ३२. म्हणजे ३२-३२ चे वाफे. ७७ पडतो ६४ च्या वाफ्यात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, वापरायचे ६५ ते ९४, एकूण ३०. हे वीस सेकंदांत तोंडी यायला लागलं की थांब.

दुसरं, चाललेली लॅब मोडायला शिक. आता तुझी ट्रंक चालतेय ना? कॉन्फिग सेव्ह कर आणि एका वेळी एकच गोष्ट बिघडव : एका कॉम्प्युटरचा गेटवे चुकव, राउटरचा मुख्य इंटरफेस शटडाउन कर, सबइंटरफेसवर १० च्या जागी १०० टाक. प्रत्येक वेळी काय दिसतं ते लिहून ठेव. शोधताना खालून वर ये : शो आयपी इंटरफेस ब्रीफ, शो व्हीलॅन ब्रीफ, शो इंटरफेसेस ट्रंक, मग मॅक ॲड्रेस टेबल, एआरपी आणि सगळ्यात शेवटी शो आयपी रूट. तीन रात्री गेल्या त्या तू वरून खाली शोधलंस म्हणून. शो इंटरफेसेस ट्रंक दिलं असतंस तर तो पोर्ट यादीतच दिसला नसता आणि दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

एक कमांड आत्ताच मनात कोरून ठेव. ट्रंकवर आधीच १० आणि २० ला परवानगी आहे आणि तुला ३० वाढवायचाय. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' दिलंस तर ३० वाढत नाही, १० आणि २० उडतात. मध्ये 'ॲड' लागतं. पॅकेट ट्रेसरमध्ये हसू येईल. चालू कारखान्यात हे केलं तर गेटपासचा कॉम्प्युटरही बंद पडतो आणि तू लांबून लॉगिन असशील तर तुझाच दोर तुटतो.

पानाच्या शेवटी तू विचारलंयस, 'पाचातला पहिला टिंबच का आला आणि पुन्हा पिंग दिल्यावर १०० कसे झाले?' ९०० प्रश्नांपेक्षा हा एक प्रश्न मोठा आहे. राउटरला समोरच्याचा आयपी माहीत होता, मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, नव्हता. मॅकशिवाय फ्रेमवर पत्ता घालता येत नाही, म्हणून त्याने आधी एआरपीने त्या व्हीलॅनमधल्या सगळ्यांना विचारलं, 'हा आयपी कुणाचा?' उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट वाया गेलं, ते टिंब. पुढची चार पोचली. दुसऱ्या वेळी नोंद तयार होती, म्हणून पाचही पोचली. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद चार तास टिकते, स्विचच्या मॅक टेबलमधली मात्र पाचच मिनिटं.

खात्री करून घ्यायची असेल तर राउटर रीलोड कर आणि राउटरवरूनच पुन्हा पिंग दे. त्याआधी कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग द्यायला विसरू नकोस, नाहीतर तीन रात्रींचं काम जाईल. राउटर वर आला तरी स्विचचा पोर्ट नारिंगीचा हिरवा व्हायला साधारण ३० सेकंद घेतो. घाई केलीस तर शून्य दिसेल. दिवा हिरवा झाला की पिंग दे, पुन्हा ८० येतील. हे करताना पप्पांना शेजारी बसव.