'हॉब्सन्स चॉइस'मधला हॉब्सन कोण?

दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागणं म्हणजे इंग्रजी म्हणीतला 'हॉब्सन्स चॉइस' का, आणि हा हॉब्सन खरंच होऊन गेला का, असं तुम्ही विचारलंय. हॉब्सन खराखुरा होता. अर्थ मात्र तो नव्हे.

थॉमस हॉब्सन केंब्रिजचा. तिथून लंडनला माल आणि पत्रं पोचवणं हा त्याचा धंदा. शिवाय तो घोडे भाड्याने द्यायचा. तो गेल्यावर ऐंशीएक वर्षांनी, १७१२ साली, लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात लेखक रिचर्ड स्टीलने लिहिलंय की त्याच्या तबेल्यात ४० घोडे असत. बूट, लगाम, चाबूक, सगळं तयार. गिऱ्हाइकं मुख्यतः विद्यापीठातली पोरं. प्रत्येकाला तेजतर्रार घोडाच हवा आणि मिळाला की तो बेफाम पिटाळायचा. अशाने चांगले घोडे दमून जायचे, बाकीचे नुसते दाणावैरण खात उभे. म्हणून हॉब्सनने नियमच केला: तबेल्याच्या दाराशी जो उभा असेल तोच घोडा मिळेल. परत आलेला घोडा रांगेत मागे. घ्यायचा तर घ्या, नाहीतर पायी जा.

'हॉब्सन्स चॉइस' तो हा. निवडीचा नुसता देखावा. खरं तर समोर एकच गोष्ट. हॉब्सन १६३१ मध्ये वारला आणि १६६० मध्ये छापलेल्या एका पुस्तकात हा शब्दप्रयोग म्हण म्हणूनच येतो, अर्थही हाच: हे घे, नाहीतर काहीच नाही. रात्री गावाला जाणारी एकच एसटी उरलीय, तीही खचाखच भरलेली, तर तो हॉब्सन्स चॉइस. 'इकडे आड तिकडे विहीर' असेल तर तो डिलेमा. वर्तमानपत्रांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते, इंग्रजीतसुद्धा.

मला खटकतं ते असं की या म्हणीमुळे हॉब्सन आडमुठा, मनमानी करणारा वाटतो. नियम जनावरांच्या भल्याचा होता, आणि गिऱ्हाइकांतही त्याने डावंउजवं केलं नाही. श्रीमंताचा पोरगा असो की साधा विद्यार्थी, नंबराला येईल तो घोडा. केंब्रिजमध्ये त्याला मान होता. प्लेगमुळे लंडनच्या खेपा बंद पडल्या आणि त्यानंतर तो गेला, तेव्हा तिथेच शिकत असलेल्या कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. शहरात स्वच्छ पाणी आणणाऱ्या कालव्याच्या देखभालीसाठी हॉब्सनने जमीन दिली होती. तो कालवा आजही 'हॉब्सन्स कॉन्ड्युइट' म्हणूनच ओळखला जातो.