कारवानी कुत्री, ससे आणि क्लचवायरचा फास

प्रश्न : माण तालुक्यात आमची शेती असून घरी कारवानी कुत्र्यांची जोडी आहे. सुगी आटोपली की कुत्री घेऊन माळावर ससे धरण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. शिवाय रानडुकरे मका लोळवतात म्हणून काही जण बांधावर क्लचवायरचे फास लावतात. परदेशांत परवाना घेऊन जबाबदारीने सापळे लावता येतात, मग आपल्याकडेच मनाई का? – एक वाचक, म्हसवड परिसर

उत्तर : एका रात्रीत आडवा झालेला मका ज्याने पाहिला आहे, त्याला कायद्याची भाषा सहजी पटत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या ठार मारण्यापुरती नाही. पाठलाग करणे, हाकारणे, आमिष दाखवणे, फास किंवा सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे तिच्यात येते. ससा आणि रानडुक्कर हे दोन्ही प्राणी अनुसूचित, म्हणजे या कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. त्यामुळे कुत्री सशामागे सोडली आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडतोच. गावची चाल ही त्यावर सबब ठरत नाही.

फासाबद्दल मात्र अधिक लिहिले पाहिजे. कुंपणातील फटीत डुकराच्या मानेच्या बेताने तारेचा सरफास टांगतात. जनावर पुढे रेटते तशी तार आवळत जाते आणि नंतर सैल होत नाही. त्याच वाटेने कोल्हा येतो, तरस येते, कऱ्हाड-शिराळ्याच्या उसात तर बिबट्याही येतो. बिबट्याचे डोके व पुढचे पाय पार होऊन तार कमरेत बसली, तर सुटण्यासाठी तो जितका ओढतो तितकी ती मांसात रुतत जाते. याला पीकसंरक्षण म्हणणे मला मान्य नाही. आपली कारवानी जोडीही त्यात सापडू शकते.

परदेशांचा दाखला अर्धाच खरा आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार, उंदरांसारखे काही अपवाद वगळता, बंद झाली. वेल्सने २०२३ मध्ये फासांवरही बंदी घातली.

आपल्याकडे सापळ्याला रास्त जागा आहे ती शेतातल्या नेहमीच्या उंदीर-घुशींसाठी. पिंजरा संध्याकाळी लावावा, उजाडताच पाहावा आणि चुकून मुंगूस अडकले असल्यास तिथेच सोडून द्यावे. बांध उकरताना बाहेर पडणारे उंदीर कुत्री चपळाईने टिपतात. मात्र त्या रानात झिंक फॉस्फाईड टाकले असेल, तर कुत्र्यांना तिकडे मुळीच नेऊ नये, कारण विष खाल्लेला उंदीर पोटात गेल्यास कुत्र्यालाही विषबाधा होते. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर द्याव्यात, कारण मोकाट कुत्र्यांकडून हे रोग माळावरच्या कोल्ह्या-लांडग्यांना लागतात. रात्रीच्या राखणीला कुत्री न्यायची असल्यास साखळीत ठेवावीत. त्यांच्या भुंकण्यानेही पुष्कळ काम होते.

डुकरांनी नुकसान केल्यास पीक तसेच ठेवून, विलंब न लावता वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मागता येते. डुक्कर मारण्याची वेळ आलीच, तर अधिकृत लेखी परवानगीशिवाय काहीही करू नये. बांधावर फास दिसल्यास किंवा त्यात जनावर अडकलेले आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि लोकांना लांब ठेवावे; भेदरलेल्या बिबट्याच्या झटक्याने तार केव्हाही तुटू शकते.