म्हापशात एक प्लॉट, पेडण्यात एक: माती भरायचे नि पाण्याच्या निचऱ्याचे नियम कुठे सैल?

तुमचा एक प्लॉट म्हापसा पालिकेत, दुसरा पेडण्यातल्या एका पंचायतीत, दोन्हीकडे भराव घालून जमीन सपाट करायची आहे, म्हणून ही तुलना विचारलीत. मी फोंड्याच्या बाजूला घरांचे नकाशे काढतो. नियम जवळपास एकच आहेत, फक्त पायऱ्या चढायच्या त्या कचेऱ्या वेगळ्या.

गोव्याचे २०१० चे जमीन विकास व इमारत बांधकाम विनियम राज्यभर लागू आहेत. म्हापशात आधी पीडीएची, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाची परवानगी, मग पालिकेचा परवाना. पेडण्यात आधी टीसीपीची, म्हणजे नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचा परवाना. शेतजमीन असेल तर सनद, म्हणजे ती बिगरशेती केल्याचा दाखला, दोन्हीकडे लागते. डोंगर कापणं किंवा सखल जागा भरणं मात्र नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ मध्ये येतं. त्याला मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी हवी, प्लॉट कुणाच्याही हद्दीत असो. घराचा परवाना मिळाला म्हणून जेसीबी लावता येत नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उतार, म्हणजे चार मीटर चालल्यावर एक मीटरहून जास्त खाली, बांधकामासाठी नाहीच.

खरा फरक पाण्यात आहे. शहरात निदान रस्त्याकडेचं गटार असतं. तुमची जागा त्याच्यापेक्षा उंच आहे का, एवढं आधी मोजा. गावात पाणी व्हाळात (ओढ्यात), शेतात, नाहीतर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात जातं. खाजनाचं मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ओहोटीलाच पाणी बाहेर सोडतं. भरतीच्या वेळी धो धो पाऊस लागला की पाणी साठायला ते शेतच लागतं. ते भरलंत तर पाणी वस्तीत शिरणार. शेत विकणारा हे तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

आमच्याच घरामागे वरच्या प्लॉटवाल्याने कमरेएवढा भराव घातला, चिऱ्यांची भिंत बांधली, पण पाणी झिरपायला एकही भोक ठेवलं नाही. जुलैत भिंतीला पोट आलं. गढूळ पाणी आमच्या विहिरीत उतरलं, दोन महिने कळशीच्या तळाशी तांबडी माती बसायची. आईने शेजारून पाणी आणलं. तक्रार केली तेव्हा कचेरीत नकाशा उघडला: सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) बरोबर, सगळं मापात. पण जमिनीची उंची कुठेच लिहिलेली नव्हती, पाणी कुठून कुठे जातं त्याचा एक बाणही नव्हता. त्याचा मला अजून राग येतो.

त्यामुळे दोन्ही प्लॉटचा कंटूर प्लॅन, म्हणजे जमिनीची उंची रेघांनी दाखवणारा नकाशा, उंचीच्या दर अर्ध्या मीटरला एक रेघ असा काढून घ्या. त्यात रस्त्याची नि चारही शेजाऱ्यांच्या जमिनीची पातळी घालायला सांगा, भरावाआधीची नि नंतरची. भिंतीला तळापासून भोकं ठेवा, मागे खडी घाला. प्लॉटला लागून व्हाळ असेल तर जलस्रोत खात्यात आधीच विचारा, तो वळवू नका. आणि पेडण्यातल्या प्लॉटवर एकदा भर पावसात, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन जा. पाणी कुठून येतं ते तो बोट दाखवून सांगेल. ती रेघ नकाशावर मारून मगच आर्किटेक्टकडे द्या.