सोलापुरात आजोबांचा मोडका वाईस (काम घट्ट पकडायचा शिकंजा) आणि गंजलेल्या पटाश्या दुरुस्त कराव्यात की नव्या घ्याव्यात?

पटाश्या टाकूच नका. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसून तेल लावा. नाहीतर बघता बघता पुन्हा तांबूस होतात. ग्राइंडरवर धार लावताना पातं सारखं पाण्यात बुडवा. निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला म्हणायचं. मूठ बाभळीची करा.

वाईसचा स्क्रू किंवा नट झिजला असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादा टर्नर नवा करून देईल (यंत्रमागाच्या गावात लेथवाल्यांना काय तोटा!). पण वाईसच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगालाच तडा असेल तर भंगारात द्या. बीड नीट न तापवता वेल्ड केलं तर शेजारीच पुन्हा तडकतं.