हिरवा चाफा : वास येतो, फूल सापडत नाही

प्रश्न : आमचा हिरवा चाफा पाच वर्षांचा झाला. वेल मांडवभर पसरली, पण फुलाचा पत्ता नाही. दर महिन्याला युरिया घालतो. (सांगली)

उत्तर : आधी तो युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. पावसाच्या तोंडावर दोन घमेली कुजलेलं शेणखत बुंध्याभोवती मिसळलं तरी पुष्कळ. वेलीला रोज चार-पाच तास ऊन मिळतं का, तेही पाहा. शिवाय रोप बियांपासून केलेलं असेल तर ते फुलायला वेळ घेतं. गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीला तिथेच मुळं फोडून केलेलं रोप, लवकर फुलतं.

पण मला वेगळीच शंका येते. फुलं येऊन जात असतील! कोवळं फूल पानांच्याच रंगाचं, पानाआड लोंबणारं. तेव्हा त्याला वासही जेमतेम. पिवळं पडू लागलं की पिकल्या फळासारखा घमघमाट सुटतो, आणि तोवर ते गळायला आलेलं असतं. संध्याकाळी मांडवाखाली उभे राहा आणि नाक नेईल तिकडे शोधा. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांना ते नाकाआधी क्वचितच सापडलंय. मिळालं तर वाटीभर पाण्यात ठेवा, खोली दरवळते.

प्रश्न : हा सोनचाफ्याचाच प्रकार ना? मग वेल कशी? (डोंबिवली)

उत्तर : नात्याचा काही संबंध नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला वृक्ष, हा सीताफळाच्या. देवळापाशी असतो तो पांढरा चाफा तर तिसऱ्याच कुळातला, मूळचा अमेरिकेचा. वास आला की आपण चाफा म्हणून मोकळे! हिरव्या चाफ्याला सहा जाड पाकळ्या असतात, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्याच आकड्याने वेल आधार धरते. विकत घेताना हा आकडा बघून घ्या, कारण इलांग-इलांगही हिरवा चाफा म्हणून गळ्यात पडू शकतो. त्याच्या पाकळ्या लांब, लोंबत्या. आणि ते चांगलं उंच झाड होतं.

प्रश्न : सुगंधी वेलीवर साप येतो म्हणून सासूबाई लावू देत नाहीत. (रत्नागिरी)

उत्तर : साप वासासाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी येतो. वेलीखाली पालापाचोळा, विटा, अडगळ साठली की त्यांची सोय होते. खालच्या दोन-तीन फुटांतल्या फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा आणि सासूबाईंना तो दाखवा. अंधारात फूल शोधताना बॅटरी मात्र हवीच.

प्रश्न : पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्यांवर काय फवारू? (ठाणे)

उत्तर : काहीही नको. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं टेल्ड जे नावाचं चपळ फुलपाखरू सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. त्याच्याच अळ्या असाव्यात. मोठी वेल चार पानं गेल्याने मरत नाही. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून जवळच्या आसुपालवावर सोडा; तोही त्यांना चालतो.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत जमेल?

उत्तर : जमेल. निदान दीड फुटी कुंडी घ्या, पाणी साचू देऊ नका आणि शेंडे खुडत राहा. मग वेल न होता झुडूप होतं.