नाक वळवलं की रेंज तुटते

प्रश्न : रेडिओवर उडवायचं मॉडेल ग्लायडर दोन मीटर पंखांचं, पुढचा भाग कार्बनचा, रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. रेंज चेक मोडमध्ये (चाचणीसाठी ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करून) शेपटी माझ्याकडे असताना ४० पावलांपर्यंत सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) नीट चालतात. नाक माझ्याकडे केलं की १८ पावलांवरच अडखळतात. ट्रान्समीटरचा अँटेना बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ट्रान्समीटरला हात लावू नका. दोष त्यात असता तर रेंज सगळ्याच बाजूंनी घटली असती. कार्बन वीजवाहक आहे, तो २.४ चा सिग्नल अडवतो. समोरून तर बॅटरी आणि नाकातलं शिसंही आडवं येतं.

१८ पावलं म्हणजे साधारण साडेतेरा मीटर. रेंज मोडमध्ये ताकद ३० डेसिबलने, म्हणजे हजारपट उतरते असं धरलं, तर अंतर सुमारे तीसपट कमी होतं. (तुमच्या सेटचा आकडा पुस्तिकेत पाहा.) म्हणजे हवेत जेमतेम ४०० मीटर. चांगला थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळाला की ग्लायडर तेवढं लांब सहज जातं.

रिसीव्हरच्या (मॉडेलमधल्या, सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) दोन अँटेना-वायरींपैकी प्रत्येकीचं टोकाकडचं ३१ मिलिमीटर उघडं असतं. अँटेना तेवढाच, मागची नुसती जाळीदार वायर. ते ३१ मिलिमीटर पूर्ण कार्बनबाहेर असायला हवेत. दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची भोकं पाडा आणि दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात राहतील अशी बाहेर काढा. कार्बनची कड ब्लेडसारखी वायर कापते, म्हणून भोकात आधी बारीक प्लॅस्टिक नळी बसवा. टोक कापू नका, जोड देऊन वाढवूही नका.

मग पुन्हा चाचणी. मॉडेल लाकडी स्टुलावर, जमिनीपासून मीटरभर उंच ठेवा. गवतावर ठेवलं तर रेंज उगाच कमी दिसते, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं तर आकड्यावर विश्वासच नको. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक मॉडेलवर रोखू नका, टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत क्षीण असतो. जोडीदार मॉडेल ४५-४५ अंशांनी फिरवेल, पण त्याने तुमच्या दोघांच्या मध्ये येऊ नये. माणसाचं शरीरही २.४ शोषतं. मागे जाताना ट्रान्समीटरच्या स्टिक सावकाश हलवा. सर्व्हो थबकला किंवा उडाला, की ते कितवं पाऊल होतं हे वहीत टिपा. आठही दिशांना पुस्तिकेतलं अंतर (बहुतेक सेटना ३० पावलांच्या आसपास) मिळालंच पाहिजे. आणि हे विसरणारे पुष्कळ : फेकण्याआधी रेंज मोड बंद करा!

प्रश्न : मोटर असलेल्या ग्लायडरला वेगळी चाचणी लागते का?

उत्तर : हो. आधी मोटर बंद ठेवून, मग अर्ध्या थ्रॉटलवर. मॉडेल घट्ट धरायचं, प्रोपेलरच्या रेषेत कुणी नको. मोटर चालू करताच रेंज पडली, तर स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) आणि त्याच्या जाड वायरींपासून रिसीव्हर दूर सरकवा. तरीही पडली, तर सर्व्हो एकदम हलवताना रिसीव्हरचं व्होल्टेज किती उतरतं ते मोजा.