जानापावची घाई नको
अरे, इंदूरजवळचा पाताळपाणी-चोरल-जानापाव हा सायकलचा मोठा फेरा इतक्यात नको. जानापावचा डोंगर समुद्रसपाटीपासून 854 मीटर. चढ दमवतो, पण खरी परीक्षा उतारावर. बेसॉल्टच्या सुट्या खड्यांवर पुढचा ब्रेक एकदम दाबलास तर चाक सरकतंच. अंग सीटच्या मागे, दोन्ही पेडल समांतर, ब्रेकवर एकच बोट, नजर चाकावर नाही, पुढच्या वाटेवर. हे आधी महूजवळच्या सोप्या पायवाटांवर अंगात मुरू दे.

पावसाळ्यात तर जाऊच नकोस. माळव्याची काळी माती फ्रेम आणि चाकात इतकी भरते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय पाताळपाणीच्या धबधब्यापाशी नदी अचानक फुगते. 2011 मध्ये तिथे माणसं वाहून गेली. पात्रात उतरायचं नाही, कुणी कितीही म्हणो.

पहिल्यांदा एकटा जाऊ नकोस. मी येतो बरोबर.